गावच्या रानावर उपग्रहातून नजर कशी ठेवायची

दक्षिण कोकणातलं बहुतेक रान सरकारचं नाही, लोकांचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वन खात्याच्या ताब्यातली जमीन अगदीच थोडी. डोंगरउतारावरचं ऐन-किंजळाचं जंगल कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतं, आणि त्या सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं असतात. त्यातली निम्मी माणसं डोंबिवली, विरार, लालबागला. काही वारलेली, वारस नोंद झालेलीच नाही. दिवाळी सरली की लाकडाचा ठेकेदार गावात येतो, गावात राहणाऱ्या दोघा-तिघांना गाठतो, एकरकमी आकडा सांगतो. शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा डोंगर बोडका. मग भांडणं, मग वकील.

हाच डोंगर डोंबिवलीत बसून दर पाच दिवसांनी बघता येतो, तेही फुकट. तोड सुरू झाली की पंधरवड्याच्या आत कळतं. कळलं म्हणजे थांबलं असं नाही, त्याबद्दल शेवटी बोलूच. पण निदान अर्धा डोंगर उभा असतो तेव्हा कळतं.

मी संगमेश्वर तालुक्यात खाजगी मोजणीची कामं करते. वडील भूमी अभिलेखात भूकरमापक होते, त्यामुळे साखळी, खुंट आणि बांधावरचे वाद घरचेच. उपग्रहाचं काम नंतर, गरजेपोटी शिकले. इथे सांगते ती रीत मोजणीवालीची आहे: आधी हद्द, मग चित्र, मग पायी जाऊन खात्री, आणि सगळ्यात शेवटी कार्बनचा हिशेब, म्हणजे झाडांत साठलेला किती कार्बन तोडीने गेला तो. लोक उलटं करतात, आधी कार्बनचा आकडा हवा असतो.

आधी हद्द

लॅपटॉप, बरं इंटरनेट, गूगल अर्थ प्रो आणि क्यूजीआयएस ही नकाशांची दोन फुकट सॉफ्टवेअरं, एवढ्यावर काम भागतं. पण पहिल्या दिवशी यातलं काही उघडू नका. सातबारा काढा. गट नंबर (किंवा सर्व्हे-हिस्सा नंबर), क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आणि इतर हक्कातले शेरे नीट वाचा. तिथे 'खाजगी वने' असा काही शेरा असेल तर तो मोठ्या अक्षरांत वहीत लिहा, पुढे उपयोगी पडतो.

मग महाभूनकाशा या सरकारी साइटवर गावाचा नकाशा उघडून आपला गट शोधा. त्याचा आकार बघत बघत गूगल अर्थ प्रोमध्ये तीच हद्द हाताने आखा आणि केएमएल (नकाशावरची रेघ साठवणारी) फाइल म्हणून साठवा. आखताना आधार घ्यायचा तो न हलणाऱ्या गोष्टींचा: पऱ्या (डोंगरातला ओढा), रस्त्याचं वळण, देवळाचं छप्पर, जुना गडगा (दगडी बांध). डोंगराळ गटांत नकाशा आणि चित्र यांची रेघ बऱ्याचदा सरकलेली असते, वीस-तीस मीटर सहज. तेव्हा दोन गोष्टी पाळा. हद्दीपासून निदान वीस मीटर आतलं क्षेत्रच 'आपलं' म्हणून तपासा. आणि ही रेघ दाखवून शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नका. ती मोजणी नव्हे. मोजणी हवी असेल तर भूमी अभिलेखात पैसे भरून रीतसर करून घ्या. हे माझ्या पोटावर पाय देणारं वाक्य नाही, उलटंच आहे, पण खरं आहे.

शेजारचे गट आणि जमलं तर शेजारचं गावही याच फाइलमध्ये घ्या. का ते नंतर.

चित्र: एक ठिपका म्हणजे एक आर

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं वापरा. पहिला २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये. दोन मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात, आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास. लाल, हिरवा, निळा आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त, हे चार बँड (प्रकाशाचे पट्टे) दहा मीटरच्या ठिपक्यात मिळतात. दहा मीटर गुणिले दहा मीटर म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे बरोब्बर एक आर. सातबाऱ्यावरचं ०.८५.०० हे क्षेत्र म्हणजे पंच्याऐंशी ठिपके. आमच्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा सोयीचं दुसरं काय हवं!

लँडसॅटचा ठिपका तीस मीटरचा, म्हणजे नऊ आर. तो भरड आहे, पण त्याचा साठा जुना. १९८४ पासूनची तीस मीटरची चित्रं आहेत आणि २००८ पासून सगळी मोफत. आजोबांच्या वेळी डोंगर कसा होता असा प्रश्न असेल तर लँडसॅट. गेल्या महिन्यात काय झालं हा प्रश्न असेल तर सेंटिनेल.

कोपर्निकस ब्राउझर नावाची साइट आहे, तिथे मोफत खातं काढा. आपली केएमएल फाइल चढवा, सेंटिनेल-२ चा 'एल२ए' प्रकार निवडा (यात हवेतल्या धुरक्याचा परिणाम काढून टाकलेला असतो), ढगांची मर्यादा दहा-वीस टक्क्यांवर आणा आणि तारीख निवडा. मग रंगांमध्ये 'फॉल्स कलर' घ्या. यात पानं लाल दिसतात. दाट रान गर्द लाल, काजूची बाग जरा उजळ लाल, वाळकं गवत फिकट, आणि उघडी पडलेली जांभ्याची माती हिरवट-करडी. पहिल्या दिवशी डोकं चक्रावतं, दोन दिवसांत सवय होते. दोन तारखा 'कम्पेअर'मध्ये टाकून मधली पट्टी इकडे-तिकडे सरकवली की गेलेलं रान डोळ्यांना आपोआप टोचतं. ज्याला यापुढचं काही करायचं नाही त्याने एवढंच दर पंधरा दिवसांनी केलं तरी निम्मं काम झालं.

तारीख

इथे घाई करू नका, कारण आपल्याकडची निम्मी फसगत तारखेत होते.

आपलं रान पानझडी आहे. ऐन, किंजळ, नाणा फेब्रुवारीपासून पानं टाकायला लागतात आणि एप्रिलमध्ये डोंगर नुसत्या फांद्यांचा. डिसेंबरचं चित्र एप्रिलच्या चित्राशी ताडलं तर अख्खा तालुका तोडला असं दिसेल. ऑक्टोबरचं चित्र घेतलं तर सड्यावरचं (जांभ्याच्या पठारावरचं) गवतसुद्धा हिरवंगार, झाड आणि गवत यात फरकच कळत नाही. पावसाळ्यात तर ढगांशिवाय काही मिळत नाही. मी डिसेंबरचा दुसरा पंधरवडा धरते: गवत पिवळं पडलेलं असतं आणि झाडं अजून हिरवी. दरवर्षी तोच पंधरवडा. डिसेंबर ते डिसेंबर ही वार्षिक तुलना, आणि मधल्या काळात जानेवारी ते मे दर पंधरा दिवसांनी नुसती नजर.

डिसेंबरची एक खोड आहे. सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यात सकाळची वेळ, त्यामुळे सह्याद्रीच्या वायव्येकडे उतरणाऱ्या खड्या कुशीत सावली पडते आणि ती जागा काळी दिसते. दोन्ही वर्षांची तारीख जवळजवळची असली की सावलीही तिथेच असते. म्हणून तारखेत आठवड्याभरापेक्षा जास्त फरक पडू देऊ नका.

एप्रिलचं चित्रही टाकून देऊ नका, त्याचा वेगळा उपयोग आहे. डिसेंबरात लाल आणि एप्रिलमध्येही लाल असेल तर ती काजू-आंब्याची बाग, नाहीतर पऱ्याच्या कडेचं सदाहरित रान, नाहीतर देवराई. डिसेंबरात लाल आणि एप्रिलमध्ये विटलेलं असेल ते पानझडी रान. गावात कुठे खरं जंगल उरलंय आणि कुठे नुसत्या बागा आहेत हे या दोन तारखांतून निघतं. देवराई आणि काजू यांचा घोळ राहिलाच तर गूगल अर्थ प्रोमध्ये जवळून बघा: काजूची झाडं ओळीत असतात, देवराईत ओळ कसली.

सरकारी आकडे वाचताना हा फरक डोक्यात ठेवा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी वनस्थिती अहवाल काढते. त्यात 'वनाच्छादन' म्हणजे एक हेक्टर किंवा त्याहून मोठी, निदान दहा टक्के भागावर झाडांची छत्री असलेली जमीन. मालकी कुणाचीही असो, झाड कुठलंही असो. म्हणजे काजूची बागही त्यात आली, आंब्याचीही. उद्या ऐन-किंजळाचा डोंगर साफ करून तिथे काजू लावला, तर काही वर्षांनी कागदावर वनाच्छादन पुन्हा जागेवर. २०२३ च्या अहवालात देशाचं वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के दिलं आहे. आकडा खोटा नाही, पण तुमच्या डोंगराचं त्यातून काही कळत नाही.

ग्लोबल फॉरेस्ट वॉच या साइटचंही तसंच. मेरीलँड विद्यापीठाचा २००१ पासूनच्या तोडीचा नकाशा त्यात आहे, तीस मीटरचा, पाच मीटरपेक्षा उंच झाडांचा. तिथे आपली हद्द देऊन ई-मेलवर सूचना मागवता येते, ती जरूर मागवा, फुकट राखणदार आहे. पण तिथल्या आलेखात '२०१५ नंतर तोड वाढली' असं दिसलं म्हणून लगेच बातमी करू नका. मधल्या काळात मोजायची पद्धत सुधारली आहे, त्यामुळे आधीची आणि नंतरची वर्षं थेट ताडता येत नाहीत.

आकड्यात उतरवणं

डोळ्यांनी बघितलेलं पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणा मोजणारा आकडा. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि जवळचा अवरक्त परत फेकतं. सेंटिनेलमध्ये लाल म्हणजे बँड ४ आणि अवरक्त म्हणजे बँड ८. आठातून चार वजा करा, त्याला दोघांच्या बेरजेने भागा, झाला एनडीव्हीआय. डिसेंबरातल्या दाट रानात तो साधारण ०.७ ते ०.८ येतो, उघड्या जांभ्यावर ०.२ च्या आसपास.

ब्राउझरच्या डाउनलोडमधल्या 'अॅनालिटिकल' भागातून दोन्ही वर्षांचे बँड ४ आणि ८ टिफ स्वरूपात उतरवा, क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये दोन एनडीव्हीआय काढा आणि नव्यातून जुना वजा करा. जिथे उणे ०.२ किंवा त्याहून खाली आकडा आला ती संशयाची जागा. हा उंबरठा आमच्या डोंगरांवर बसतो. विदर्भात, घाटमाथ्यावर आधी माहितीतल्या एक-दोन तोडींवर लावून बघा. शेवटी 'सीव्ह' नावाचं साधन वापरून दहा ठिपक्यांहून लहान तुकडे काढून टाका, नाहीतर शेकडो ठिणग्या दिसत राहतील.

एक तांत्रिक खड्डा सांगून ठेवते. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या मूळ फाइलींमध्ये प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ब्राउझरमधून छोटा तुकडा उतरवलात तर ही भानगड परस्पर निस्तरली जाते. पण अख्खी टाइल (उपग्रहचित्राचा मोठा चौकोन) उतरवून जुन्या फाइलीशी ताडत असाल, तर नव्याच्या प्रत्येक बँडमधून आधी १००० वजा करा. नाही केलेत तर एनडीव्हीआय सगळीकडे खाली येतो आणि नसलेली तोड दिसते. गूगलचं अर्थ इंजिन वापरणाऱ्यांनी 'हार्मनाइज्ड' लिहिलेला संग्रह घ्यावा, विषय संपला.

तोड नसलेली तोड

आता संशयाच्या जागांची यादी हातात आहे. त्यातल्या बऱ्याच खोट्या असणार.

सगळ्यात मोठी फसगत कवळाची. भाताच्या तरव्यासाठी (रोपांसाठी) राब भाजायचा म्हणून आपल्याकडे ऐन-किंजळाच्या फांद्या तोडतात, तेच कवळ. वरून बघाल तर दहा-वीस आर रान एकदम गायब. तिथे जाऊन उभे राहाल तर सगळी झाडं जागेवर, फक्त हात छाटलेल्या खांबांसारखी. बुंध्याला कुऱ्हाड लागलेली नाही, वरच्या गाठींवर वर्षानुवर्षांच्या घावांचे वळ. पाऊस पडला की त्याच गाठींतून पालवी. ही तोड नाही, शेती आहे, आणि हिला 'जंगलतोड' म्हणून कुणा अधिकाऱ्याकडे नेलंत तर गाव तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही.

दुसरा वणवा. सड्यावरचं गवत पेटलं की जागा काळी पडते, कडेची झाडं होरपळतात. वणव्याचा डाग वेडावाकडा असतो, डोंगर चढत गेलेला; पावसानंतर बहुधा भरून येतो. तिसरी ढगाची सावली, तिच्या शेजारी ढग असतोच. शिवाय आंब्याची छाटणी आणि गवताची कापणी.

उलट बाजूही आहे. एखाददुसरा खैर रात्री कापून नेला तर दहा मीटरच्या ठिपक्यात त्याचा पत्ता लागत नाही. काताच्या कारखान्यांमुळे खैराची चोरी आपल्याकडे चालूच असते, आणि तिच्यावर उपग्रह हा उपाय नाही. त्याला माणूसच पाहिजे.

खरी तोड कशी दिसते? कडा सरळ असतात, कारण ती गटाच्या हद्दीवर थांबते. आणि तिच्यापर्यंत एक नवी वाट आलेली असते, ट्रकची. मी आधी वाटच शोधते. नोव्हेंबरात नसलेली फिकट रेघ डिसेंबरात डोंगरात शिरलेली दिसली, की पुढच्या महिन्यात तिच्या टोकाला काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. सगळ्या रीतीतली सगळ्यात उपयोगाची खूण हीच, कारण ती तोडीच्या आधी दिसते.

त्यातही दोन प्रकार, आणि कार्बनच्या दृष्टीने हाच भेद मोठा. ठेकेदाराने करवतीने झाडं कापली आणि खुंट तसेच सोडले, तर मुळं जिवंत राहतात, जूनमध्ये खुंटाला फुटवे येतात. असे डोंगर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या तुटत आणि फुटत आलेत. पण जेसीबी आणून खुंट उपटले, उतार टप्प्याटप्प्यांत कापला, तर ते रान कायमचं गेलं. मुळांतला कार्बन गेला, मातीतलाही उघड्यावर आला. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या लागवडीसाठी असे टप्पे पाडलेले गूगल अर्थवर स्वच्छ दिसतात, डोंगराला गोल गोल रेघा मारल्यासारखे.

दोन्ही प्रकार पहिल्या वर्षी सारखेच दिसतात. पुढच्या डिसेंबरात कळतं: खुंट फुटले असतील तर एनडीव्हीआय वर येतो, जेसीबी फिरला असेल तर खालीच राहतो. मात्र वर आला म्हणून हुरळून जाऊ नका. एनडीव्हीआय पानं मोजतो, लाकूड नाही. तोडलेल्या डोंगरावर एका पावसात रानमोडी माजते आणि आकडा ०.६ च्या वर नेऊन ठेवते. त्यात कार्बन कितीसा!

पायी

संशयाच्या जागांचे बिंदू केएमएलमध्ये टाकून मोबाइलवर घ्या. रानात रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. मुंबईत असाल तर गावातल्या एखाद्या पोराला पाठवा. गुरं चारणाऱ्याला पाठवलंत तर आणखी उत्तम. एका गावात लॅपटॉपवर त्यांचाच डोंगर दाखवत होते तर मागून एक आजोबा म्हणाले, "बाय, वरनं येवढं दिसतंय तर आमचा पाडा खंय गेला ता पन बघ की." पाडा म्हणजे गोऱ्हा. सगळे हसले. पण नवी वाट कुणाच्या गटातून काढली, ट्रक कुठल्या बाजूने रात्री उतरतात, हे त्यांनीच सांगितलं. ते उपग्रहात नव्हतं.

प्रत्येक जागी चार फोटो: खुंट जवळून (करवत की कुऱ्हाड की जेसीबी, ओलं की वाळलेलं), वाट, लाकडाचा ढीग असेल तर तो, आणि लांबून ओळखीच्या खुणेसकट डोंगर. फोटोत तारीख आणि अक्षांश-रेखांश हवेत. आणि जिथे नकाशा म्हणतो 'काही झालेलं नाही' अशाही थोड्या जागा चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तपासा. सुटलेली तोड तिथेच सापडते. नुसते संशयाचे ठिपके मोजून 'इतके हेक्टर तुटले' असं सांगणं कच्चं काम. किती ठिपके खोटे निघाले आणि किती खरे सुटले हे धरून क्षेत्र दुरुस्त करायचं असतं.

कार्बनचा हिशेब

तुटलेल्या रानाला लागूनच, तशाच वाणाचं उभं रान शोधा. तिथे ३१.६ मीटर बाजूचा चौकोन आखा, म्हणजे दहा आर. त्यातलं ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेराचं प्रत्येक झाड घ्या, जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप लावून घेर मोजा, उंचीचा अंदाज घ्या, जात लिहा.

एक ऐन धरू. घेर ९४ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ३०. उंची १२ मीटर. लाकडाची घनता ०.७ धरली. उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी २०१४ मध्ये आलेलं एक सूत्र सगळीकडे वापरतात: घनता गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले उंची, त्याचा ०.९७६ वा घात, गुणिले ०.०६७३. इथे ०.७ × ९०० × १२ म्हणजे ७,५६०. घात काढून गुणलं की जमिनीवरच्या भागाचं वाळलेलं वजन सुमारे ४१० किलो. त्याचा ०.४७ हिस्सा कार्बन, म्हणजे १९३ किलो. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायला ४४ भागिले १२ ने गुणा: साधारण ७१० किलो. एका मध्यम ऐनाचे.

चौकोनातल्या सगळ्या झाडांची बेरीज करून दहाने गुणलं की हेक्टरी आकडा. चौकोन एकच घेऊ नका. उतारावर, पऱ्याजवळ, सड्याच्या कडेला वेगवेगळे घ्या. मुळांचं वजन वरच्या भागाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकं धरतात. ते फक्त जेसीबीच्या प्रकारात मिळवा, खुंट जिवंत असतील तर नको. आणि लाकूड गेलं कुठे तेही विचारा. विटभट्टीत, बेकरीत, कोळशात गेलेलं त्याच वर्षी हवेत जातं. दाराची चौकट झालेलं काही वर्षं थांबतं.

मग थांबवायचं कसं

नकाशाने एक ग्रॅम कार्बन वाचत नाही. ब्राझीलमध्ये उपग्रहाने जंगल मोजण्याचं काम १९८८ पासून चालू आहे, तरी २००४ मध्ये अॅमेझॉनमध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल एका वर्षात गेलं. त्याच वर्षी त्यांनी झटपट इशारे देणारी 'डेटर' ही यंत्रणा सुरू केली आणि इशारा आला की तपासणी पथक त्या जागेवर, असं जोडून दिलं. पुढे सर्वाधिक तोडीच्या तालुक्यांची यादी जाहीर झाली, बेकायदा तोडणाऱ्यांचं शेतीकर्ज अडलं. २०१२ मध्ये आकडा ४,५७१ वर आला. राज्यकर्ते ढिले पडले तेव्हा तो पुन्हा चढला, उपग्रह मात्र तेच होते.

आपल्याकडे ते पथक म्हणजे तुम्ही आणि तुमचे सहहिस्सेदार. वाट दिसली त्याच दिवशी भावकीच्या ग्रुपवर दोन चित्रं टाका, आधीचं आणि आताचं, गटाची रेघ काढून. लांबलचक मजकूर नको, कुणी वाचत नाही. सामाईक गट असेल तर ज्यांची संमती नाही त्यांनी वन परिक्षेत्र कार्यालयात आणि तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी. १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, खैर, जांभूळ ही झाडं आहेत. ती मालकीची असली तरी तोडायला परवानगी लागते, लाकूड हलवायला वाहतूक पास लागतो. ती परवानगी कुठल्या गटांना दिली, किती झाडांना दिली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून मागवा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलं की ते गट नकाशावर रंगवा आणि तुटलेल्या जागा त्यावर ठेवा. परवानगी एका गटाची आणि तोड शेजारच्या दोन गटांत, असं निघालं तर तुमच्या तक्रारीला वजन येतं. सातबाऱ्यावर 'खाजगी वने' शेरा असेल तर १९७५ चा वेगळा कायदाही लागतो. तिथे वकील गाठा.

शेजारचं गाव फाइलमध्ये घ्या म्हटलं होतं ते यासाठी: ठेकेदाराला इथे नाही म्हटलं की तो ओढ्यापलीकडे जातो. तुमचा डोंगर वाचला आणि पलीकडचा गेला, तर हिशेबात वाचलं काय? दोन-तीन गावांनी मिळून नजर ठेवली तरच काही खरं.

पैशाचा प्रश्न उरतोच. जो काका विकायला निघाला त्याच्या घरी लग्न असतं, नाहीतर दवाखाना. त्याला कार्बन सांगू नका. जेसीबी न लावता, मोठी झाडं आणि पऱ्याच्या दोन्ही कडा सोडून, थोड्या भागात विरळणी करून पैसे उभे राहतात का हे बघा. भावकीने वर्गणी काढून त्याची गरज भागवल्याची उदाहरणंही आहेत. आणि हल्ली 'कार्बन क्रेडिट मिळवून देतो' म्हणणारे गावात फिरतात. कराराची मुदत किती, मध्ये बाहेर पडता येतं का, मोजणी कोण करणार, गुरं चारायचा आणि कवळ तोडायचा हक्क राहतो का, एवढं मराठीत लिहून मागा. नुसत्या कोऱ्या अर्जावर सही मागत असतील तर चहा पाजून वाटेला लावा.

फाइलींची नावं शिस्तीत ठेवा: गाव, गट नंबर, उपग्रह, तारीख. चित्र कापलं-रंगवलं तरी मूळ फाइल वेगळी जपा आणि ती कुठून, कधी उतरवली ते वहीत लिहा. प्रकरण तहसीलपर्यंत गेलं तर पहिला प्रश्न हाच येतो की हे चित्र कुठलं आणि तारीख कशावरून.